हरवलात तर आधी बसा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मी हा प्रश्न हसण्यावारी नेते. सह्याद्रीत रानात तगून राहायची शिबिरं घेते म्हटलं की लोक विचारतातच, ‘दोन-तीन दिवस जंगलात काढून माणूस खरंच बदलतो का हो?’ हल्ली कंपन्यांमधून येणारे एचआरवाले तर ‘नायकाचा प्रवास’ अशी स्लाइड दाखवून विचारतात.

ही कल्पना जोसेफ कॅम्बेल या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ साली मांडली. देशोदेशीच्या पुराणकथा लावून पाहिल्या तर सांगाडा साधारण एकच निघतो, असं त्याचं म्हणणं: घर सोडायचं, कसोटीला उतरायचं, काहीतरी मिळवून परत यायचं आणि ते आपल्या माणसांना द्यायचं. वनवासाच्या गोष्टींवर पोसलेल्या आपल्याला हे पटायला वेळ लागत नाही. मलाही आवडतं. तक्रार एवढीच, की सगळ्यांना त्यातला मधला भागच हवा असतो. शिबिराला येणाऱ्याला चकमकीने आग पेटवायची असते आणि ती पेटवताना कुणीतरी फोटो काढायला हवा असतो.

रान मात्र पहिला धडा देतं तो अगदी उलटा. नायक पुढे जातो. हरवलेल्याने बसायचं असतं. वाट चुकल्याची शंका आली की तिथेच बूड टेकायचं, दोन घोट पाणी प्यायचं, शेवटची ओळखीची खूण कुठे दिसली होती ते आठवायचं. शोधणारे तुम्ही शेवटचे जिथे दिसलात तिथून सुरुवात करतात. त्या जागेपासून तुम्ही दुप्पट लांब गेलात, तर त्यांना धुंडाळायचा टापू चौपट होतो. आणि आपल्याकडे भटकणं फार सोपं. पठारावर ढोरवाटांचं जाळं असतं, त्यातली प्रत्येक वाट पहिली शंभर पावलं अगदी गावाकडे निघाल्यासारखी वाटते.

‘ओढा धरून उतरा, वस्ती लागेल’ हा टीव्हीवरचा सल्ला तर इथे जिवावर बेततो. आपले डोंगर लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेले, म्हणून ते टप्प्याटप्प्याने तुटतात. ओढ्याने उतरता उतरता एखादा कातळ तुम्ही घसरत पार करता, थोडं पुढे जाता आणि समोर सरळ कडा. पावसाळ्यात तिथेच धबधबा असतो. खाली जाता येत नाही, आणि घसरून आलेला कातळ परत चढवत नाही. मग दोर घेऊन रेस्क्यूची पोरं येईपर्यंत तिथेच.

म्हणून मी एक सराव घेते. धुक्यात प्रत्येकाला थोड्या थोड्या अंतरावर बसवायचं, गळ्यात शिट्टी, फोन माझ्याकडे, तासभर जागचं हलायचं नाही. अडचण आली तर तीन शिट्ट्या. एका बँकेतले मोठे साहेब, आदल्या रात्री शेकोटीची जागा कुठे, म्हणून माझ्याशी वाद घातलेले (राखीव जंगलात जाळ करायचा नसतो, कायद्याने गुन्हा आहे). थोड्याच वेळात उठून आले. म्हणाले, ‘मी जरा पुढे जाऊन वाट बघून येतो, सगळ्यांचाच वेळ वाचेल.’ त्यांना परत बसवलं. दुसऱ्यांदा तीन शिट्ट्या झाल्या. मी धावत गेले तर साहेब म्हणे, काही नाही, शिट्टी चालते का पाहत होतो. तिसऱ्यांदा बसले ते मात्र बसलेच. त्या दिवशी त्यांनी केलेलं सगळ्यात अवघड काम हेच, आणि ते फोटोत येत नाही.

बाकीची कौशल्यंही अशीच बिनरुबाबाची. ढोबळ हिशोब तीनचा: हवेशिवाय तीन मिनिटं, वाईट हवेत आडोशाशिवाय तीन तास, पाण्याशिवाय तीन दिवस, अन्नाशिवाय तीन आठवडे. मे महिन्यात उघड्या कातळावर तीन दिवस कसले, एक दुपार पुरते. पण क्रम बरोबर आहे. तरी पहिला प्रश्न येतो तो ‘जंगलात खायचं काय?’ वर ढग भरून आलेले असतात आणि ताडपत्रीची दोरी कुणी ताणलेली नसते. भिजलेल्या अंगाला वारा लागला की जुलैतही माणूस गारठून जातो.

तर बदलतो का? घाबरलेलं असताना हातातलं काम क्रमाने करत राहणं, एवढं काही जण नक्की शिकतात. पुढचं मी सांगू शकत नाही, कारण पुढचं परतल्यावर असतं. आषाढीला पंढरपूरला लाखो लोक चालत जातात. पालखी परतही चालतच येते, पण त्या परतवारीत मोजकेच असतात. बाकीचे एसटीने. शिबिरांचंही तसंच.

पायथ्याच्या गावातल्या मामांना वाट आणि परतायची वेळ सांगूनच वर जायचं, हा आमचा पहिला नियम. एका कंपनीची काही मंडळी शेवटच्या दिवशी लवकर सुटली, ‘मामांकडे जेवून निघतो’ म्हणाली आणि दुसऱ्या बाजूने उतरून परस्पर गाडीत बसून पुण्याला गेली. अंधार पडल्यावर मामांचा फोन. ‘अवो मॅडम, मानसं उतरली का न्हाई येवढं तरी सांगा. बॅटऱ्या घेऊन निघालोय आमी.’

शिबिरानंतरच्या फॉर्मवर त्या सगळ्यांनी लिहिलंय, आम्ही बदललो.