दोन वाऱ्यांमधला दिवस

फेअर आइलवर थंडी पडायची तर आधी वारा पडावा लागतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड या दोन द्वीपसमूहांच्या मधोमध हे बेट आहे. लांबी जेमतेम पाच किलोमीटर, वस्ती पन्नासेक माणसांची. इतक्या उत्तरेला असूनही इथे बर्फ फार दिवस टिकत नाही, कारण भोवतालचा समुद्र भर हिवाळ्यातही सात-आठ अंशांच्या आसपास असतो आणि वारा त्याची ऊब सतत बेटावर आणून ओततो. तो थांबला, आकाश रात्रभर मोकळं राहिलं, की जमिनीतली ऊब वर निघून जाते आणि सकाळी पात्यापात्याला पांढरी कड आलेली दिसते.

असा एक दिवस मला डिसेंबरअखेरीस लाभला. उजाडायलाच नऊ वाजले. या दिवसांत तिथला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सात-आठ अंशांवर रेंगाळतो, त्यामुळे सावली माणसाच्या सात-आठ पट लांब पडते. मेंढ्या इवल्याशा आणि त्यांच्या सावल्या उंटाच्या. रचलेल्या दगडी गडग्यापलीकडे तर मौजच होती. जिथे ऊन पोचलं होतं तिथलं गवत ओलं, हिरवं झालेलं आणि जिथे गडग्याची सावली होती तिथे दव तसंच गोठलेलं. निसटलेल्या एका दगडाच्या खाचेतून ऊन आत शिरलं होतं, तेवढीच हिरवी फट त्या पांढऱ्या पट्ट्यात. सूर्य सरकला तशी तीही सरकत गेली. मी तिच्यामागे बराच वेळ घालवला. बेटावर एवढा रिकामा माणूस दुसरा कोणी नसावा.

कारण बाकी सगळे कामाला जुंपलेले. शांत दिवस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आरामखुर्ची येते. इथे मात्र महिनाभर तुंबलेली कामं अशाच दिवसाची वाट पाहत असतात. कोणी शिडी लावून छपरावर, कोणी कुंपणाच्या तारा ताणतंय. ‘गुड शेफर्ड’ नावाची बोट निघायची होती. समुद्र खवळला तर बंदरातही भरवसा नाही, म्हणून फेऱ्यांच्या मध्ये ही बोट पाण्याबाहेर ओढून ठेवतात. शेटलंडच्या धक्क्यापर्यंत अडीचेक तासांचा प्रवास, हिवाळ्यात फेऱ्या मोजक्याच, आणि त्याही समुद्राच्या मर्जीवर. छोटं विमान उतरायचं असलं तर धावपट्टीवर अग्निशमनाला उभे राहणारेही बेटावरचेच लोक. एकेका माणसाच्या डोक्यावर तीन-तीन टोप्या.

मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या बाईंनी नुकताच विणून धुतलेला स्वेटर लाकडी चौकटीवर ताणून अंगणात आणला. एरवी वाऱ्यावर चौकटीसकट नॉर्वेला गेला असता, असं त्या म्हणाल्या. फेअर आइलचं विणकाम जगभर नावाजलेलं. नमुना कितीही गजबजलेला असो, एका ओळीत दोनच रंगांचे धागे चालवायचे. हे मला वाचून माहीत होतं, पण त्यांनी स्वेटर उलटा करून आतून पळणारे मोकळे धागे दाखवले तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

“किती शांत आहे,” मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

“पूर्वी आम्हाला ही शांतता परवडत नव्हती,” बाई म्हणाल्या.

या बेटावर पवनचक्की आली १९८२ साली. तिच्या जोडीला डिझेलचे जनित्र. पण रात्री अकरा ते सकाळी सात ते बंद असायचं, तेव्हा वारा नसला तर वीजही नसायची. चोवीस तास वीज मिळायला २०१८ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. आता तीन नव्या पवनचक्क्या, सौर पॅनेल आणि साठवणुकीला बॅटऱ्या आहेत. पण त्याआधी, पाहुण्याने काव्य शोधावं अशा नेमक्या थंडगार, निश्चल रात्री घरातल्यांना मेणबत्ती शोधावी लागे. ज्या वाऱ्याला दिवसभर शिव्या घालायच्या, त्याचीच रात्री वाट पाहायची. शेजाऱ्याशी असं नातं असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

हवा इतकी स्वच्छ होती की ईशान्येला शेटलंडचं सम्बर्ग हे भूशिर दिसत होतं. पाणी असं सपाट, की चाळीसेक किलोमीटर चालतच जावंसं वाटावं. तीन वाजता सूर्य बुडाला आणि स्वयंपाकघरात रेडिओ लागला. बीबीसीच्या सागरी हवामानाच्या अंदाजात या बेटाच्या नावाचा एक अख्खा समुद्री विभाग आहे. नैऋत्येचं वादळ, निवेदकाने सांगितलं, त्याच एकसुरी आवाजात.

बाईंनी स्वेटर आत घेतला, बूट चढवले आणि माझ्या हातात दोरीचं भेंडोळं दिलं. कचऱ्याचे डबे बांधायचे होते.

“तुम्ही गाठ मारा,” त्या म्हणाल्या, “मी पुन्हा मारते.”