सेमा-तावी पाटी: गाठ आरशात बसत नाही

पीओपीच्या पाटीवर प्राचीन इजिप्तचं 'सेमा-तावी' म्हणजे दोन भूमी एकत्र बांधण्याचं चित्र कोरणं चालू आहे. त्याचं रेखाटन पक्कं झालं असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं, ते मागे घ्यावं लागतंय. होरस आणि सेत हे दोन इजिप्शियन देव जागेवर आहेत. फसली ती मधली गाठ.

नमुना तोच: इजिप्तमधल्या लिश्त इथे १८९४ मध्ये सापडलेल्या, पहिला सेनुस्रेत या राजाच्या दहा चुनखडी पुतळ्यांपैकी एकाच्या सिंहासनाची बाजू. मध्ये श्वासनलिका-फुप्फुसांचं 'सेमा' चिन्ह, दोन्हीकडून दोन देव त्यावर पाय रोवून वरच्या आणि खालच्या इजिप्तची झाडं ओढून बांधतायत. जाळी १ सेंमीची. इजिप्शियन जाळीत उभ्या माणसाची केसरेषा तळपायापासून १८व्या चौकटीवर येते. देवांना माणसाची केसरेषा नसते, म्हणून १८व्या चौकटीच्या नादी न लागता खांदा १६वर धरला. गुडघा ६, कोपर १२. सेतचे चौकोनी टोकांचे कान उंच जातात, त्यामुळे तो मोठा वाटतो. वाटू दे. खांदे समपातळीत हवेत, शेंडे नव्हेत.

वेळ वाचवायला अर्धं चित्र ट्रेस करून कागद उलटा टाकला होता. मानेपासून पायापर्यंत झकास. पण पपायरसचा (खालच्या इजिप्तच्या झाडाचा) देठ आणि समोरचा वरच्या इजिप्तच्या झाडाचा देठ मध्यरेषेवर एकमेकांना ओलांडतात, तिथे एकच वर असू शकतो. उलटवलेल्या कागदावर दोघेही वर! तसंच कोरलं तर गाठ न दिसता देठांची फुली दिसते, आणि बांधण्याचा अर्थच उडतो. डावं-उजवं तंतोतंत सारखं ठेवायला गेलं की नेमकं इथेच अडतं.

उपाय: मधल्या ४ × ४ चौकटी ट्रेसिंगमधून कापून टाका. ६ मिमीच्या दोन रंगांच्या सुती दोऱ्या घेऊन खरी रीफ नॉट बांधा (उजवी डावीवर, मग डावी उजवीवर), फळीवर दाबून सपाट करा आणि वरून फोटो घ्या. दोनदा एकाच बाजूने घातली तर ग्रॅनी नॉट होते, टोकं आडवी न राहता तिरकी निघतात. फोटोवरून प्रत्येक ओलांडणीला 'व' (वर) किंवा 'ख' (खाली) लिहूनच पटाशी उचला.

खोलीचं गणित असं: पार्श्वभूमी ३ मिमी खाली. वरचा देठ पूर्ण उंचीवर. खालचा ओलांडणीच्या ८ मिमी आधीपासून उतरत १.५ मिमीवर. एकदम पायरी केली की देठ तुटल्यासारखा दिसतो. कड उडते ती पटाशी आतून बाहेर ढकलल्यामुळे. कडेकडून आत कापा. जिथे देठ ४ मिमीपेक्षा बारीक आहे तिथे पाटी ओलसर असतानाच काम उरका, सुकल्यावर तो भुग्यासारखा सुटतो.

पाटी ३० × ३० × २ सेंमी, त्याला १.७ किलो पीओपी आणि १.२ लिटर पाणी. सुटं पीओपी नको. ओलावा लागलेलं घट्ट झालं तरी भुसभुशीत राहतं. शहाबादी फरशीवर प्रयोग केला, थर सुटतात, नाद सोडला. मॉडेलिंगचे महागडे संच बिनकामाचे. जुन्या हॅक्सॉ ब्लेडचं टोक घासून केलेली पटाशी आणि दंतवैद्यकाचा वॅक्स नाइफ पुरतो.

श्वासनलिकेच्या कड्या मात्र पहिल्याच फटक्यात जमल्या! ११ आडव्या रेघा, एकही कड उडाली नाही.

सेतला खलनायकी चेहरा देऊ नका, असं दोघांनी सुचवलं होतं, बरोबरच आहे. इजिप्तच्या 'जुनं राज्य' (ओल्ड किंगडम) काळात राणीची एक पदवीच 'होरस-सेतला पाहणारी' अशी होती, म्हणजे राजात दोघेही. त्याच्या मूर्ती छिन्नीने फोडल्या गेल्या त्या फार नंतर.

हे लिहिता लिहिताच सुचलं: दोन्ही देठांना वेगळा रंग दिला तर ओलांडणी लांबूनही वाचता येईल. इजिप्शियन निळा जरा भरड ठेवायचा, बारीक वाटला की फिका पडतो. म्हणजे वर खेपेरकारेचा (सेनुस्रेतचं राजनाम) कार्टूश, म्हणजे राजनामाची लांबट चौकट, कोरणं पुढच्या पाटीवर ढकलायचं, आणि या पाटीला आधी डिंकपाण्याचा पातळ हात.