गिअरचा दांडा ढिला म्हणजे गिअरबॉक्स गेला, असं नाही

ऑटोमॅटिक गाडीचा गिअरचा दांडा ढिला लागायला लागला की दोष बहुतेक तीनपैकी एका जागी असतो: दांड्याच्या बुडाशी, तिथून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये, नाहीतर गिअरबॉक्सच्या पोटात. पहिल्या दोन जागा घरच्या अंगणात तपासता येतात. हे आधीच सांगते, कारण मला थेट तिसरीच जागा सांगण्यात आली होती आणि खर्चाचा आकडा ऐकून घरात गाडी विकायची भाषा सुरू झाली होती.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला क्लच दाबणं जमत नाही. म्हणून ही जुनी, केबलवाली ऑटोमॅटिक घेतली. खानापूरहून बेळगावला रोजचं जाणं-येणं तिच्यावरच. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि दांडा पी (पार्किंग) मधून आर (रिव्हर्स) मध्ये नेताना हाताला जो खट्ट लागायचा, तो बोथट झाला. दांडा जागच्या जागी पुढेमागे हलायचा. मग कधी पी मध्ये किल्ली फिरवली तर गाडी गप्प, एन (न्यूट्रल) मध्ये मात्र सुरू. आणि एकदा तर दांडा डी (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायचा गिअर) वर, पण समोरच्या काट्यांमधला अक्षरांचा दिवा एन दाखवतोय.

ही शेवटची खूण फार कामाची आहे. आमच्यासारख्या गाड्यांत समोरचं अक्षर दांड्यावरून ठरत नाही, गिअरबॉक्सवर बसवलेल्या स्विचवरून ठरतं. म्हणजे दांडा एक सांगतोय आणि गिअरबॉक्स दुसऱ्याच जागी आहे. पी मध्ये गाडी सुरू न होण्याचं कारणही तेच: गिअरबॉक्स पी किंवा एन मध्ये पुरता पोचल्याशिवाय तो स्विच स्टार्टरला करंट जाऊ देत नाही.

यात धोका आहे, आणि तो नुसता दांडा हलण्यापुरता नाही. पी मध्ये गाडी धरून ठेवतो तो गिअरबॉक्समधला एक छोटा लोखंडी खटका. तो एका दातेरी चाकाच्या खाचेत बसतो. केबल पुरती ओढली गेली नाही तर दांडा पी वर दिसतो, खटका मात्र अर्धवट टेकलेला किंवा अजिबात न बसलेला राहतो. उतारावर अशी गाडी हँडब्रेकशिवाय सोडली तर ती जाणारच. दोन गिअरच्या मध्येच अडकून चालवत राहिलं तर आत तेलाचा दाब कमी पडून क्लचच्या चकत्या घसरतात आणि जळतात. म्हणजे केबलचं दुखणं अंगावर काढलं तर ते खरोखरच गिअरबॉक्सचं होऊन बसतं.

बेळगावातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. बॉनेट न उघडता सांगण्यात आलं की गिअरबॉक्स उतरवून बघावा लागेल, आणि केबल बदलायची तर पूर्ण संच बाहेरून मागवावा लागेल. माझं म्हणणं एवढंच आहे की उतरवण्याआधी बघायचं असतं. तेवढं करायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा आम्ही घरीच बघायचं ठरवलं.

अंगणात सपाट जागी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, चाकांना पुढून-मागून दगड लावले. इंजिन बंद, किल्ली फक्त ऑनवर. आधी आतलं तपासलं. दांड्याच्या मुठीचा स्क्रू घट्ट होता. दांड्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून बुडाचे बोल्ट पाना लावून बघितले, तेही घट्ट. केबलचं आतलं टोक दांड्याबरोबर नीट हलत होतं. म्हणजे या बाजूला काही नाही.

मग एअर फिल्टरचा डबा काढला. त्याच्या खाली गिअरबॉक्सवर एक लोखंडी पट्टी असते, केबलचं दुसरं टोक तिला जोडलेलं असतं. मुलगी सीटवर बसली, ब्रेक दाबून धरला आणि मी सांगेन तसा दांडा हळूहळू पी पासून डी पर्यंत आणायला लागली. मी टॉर्च घेऊन वाकून बघत होते. केबल हलली, तिच्या टोकाची कडी हलली, पट्टी मात्र जागची हलेना. कडी पट्टीवरच्या पिनेभोवती भोकातल्या भोकात सरकत होती आणि तेवढं अंतर संपल्यावर मग कुठे पट्टी वळत होती. "परत कर गं," म्हटलं, आणि या वेळी कडीवर बोट ठेवलं. प्रत्येक वेळी तोच खडखडाट बोटाला लागत होता. कडी आणि पिनेच्या मध्ये जो प्लॅस्टिकचा बुश असायला हवा, त्याचे पिवळट तुकडे खाली ग्रीसमध्ये पडलेले दिसले. उन्हात वाळलेल्या प्लॅस्टिकच्या बादलीच्या कानासारखे, नख लावलं की तुटत होते.

एवढासा बुश, आणि त्याच्यावाचून दांड्याचा आणि गिअरबॉक्सचा संबंधच तुटतो. हे आमच्याच गाडीचं दुखणं नाही. २०२२ साली अमेरिकेत फोर्डने याच कारणासाठी सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या. उष्णता आणि दमट हवा यांनी बुश झिजत असावा, असं तेव्हा सांगितलं गेलं, आणि उपाय म्हणून नवा बुश व त्यावर एक टोपी बसवून देण्यात आली. खानापूरकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना दमट हवेबद्दल वेगळं सांगायला नको.

आमच्या गाडीचा बुश सुटा मिळत नव्हता. पण बेळगावात राहून एक बुश मिळत नाही म्हणून रडणं बरं नव्हे. उद्यमबागेत अख्ख्या देशासाठी मशिनचे भाग तयार होतात. पिनेची जाडी आणि कडीचं भोक व्हर्नियरने मोजलं, जुने तुकडे डबीत भरले आणि तिथल्या एका लेथवाल्या मामांकडे गेले. मी नायलॉनचा करून मागितला.

"ताई, नायलॉन नको. डेल्रिनचा करूया की, तेपण कडक प्लॅस्टिकच."

"का हो मामा?"

"नायलॉन पाणी पितंय. पावसात फुगतंय, मग पिनेवर आवळतंय. डेल्रिन तसं करत नाही."

पितळेचा का नको, तेही त्यांनीच सांगितलं. धातूवर धातू घासून पीन झिजते, आणि पीन पट्टीत पक्की बसवलेली असते, ती बदलणं म्हणजे मोठं काम. त्यांनी कॉलर असलेला बुश कातला. शेवटचा हात देताना मशीनवरच्या पोराला "साकु, साकु" (कन्नडमध्ये 'पुरे, पुरे') म्हणून थांबवलं, काढून पिनेवर बसवायच्या मापाची सळी घालून बघितली, पुन्हा केसभर घेतलं. बुश फिरायला हवा पण डुलायला नको, असं त्यांचं म्हणणं. वरून वॉशर आणि क्लिप दिली. सुटा एक जास्तीचाही करून घेतला.

बुश बसवला की काम संपत नाही, केबलची जुळणी तपासावी लागते. गिअरबॉक्सवरची पट्टी हाताने पी च्या टोकापर्यंत नेली आणि तिथून दोन खटके मागे आणली: पहिला आर, दुसरा एन. आत दांडाही एन मध्ये ठेवला. मग केबलचा ॲडजस्टर ढिला करून, दोन्हीकडे ताण न राहता, पुन्हा आवळला. जुळणी कुठल्या गिअरमध्ये करायची ते गाडीगणिक वेगळं असतं, तेव्हा आपल्या गाडीचं मॅन्युअल बघूनच हात घालावा.

तपासणी मी घाईत केली नाही. ब्रेक दाबून प्रत्येक जागी दांडा नेला, समोरचं अक्षर जुळतंय का पाहिलं. स्टार्टर फक्त पी आणि एन मध्येच फिरतो, डी आणि आर मध्ये नाही. मागचा पांढरा दिवा फक्त आर मध्ये. मग येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढावर, मागे माणूस-वाहन नाही असं बघून आणि चाकामागे थोडं अंतर सोडून दगड ठेवून, पी मध्ये हँडब्रेक हळूहळू सोडला, पाय ब्रेकवर तयार. गाडी किंचित मागे टेकली आणि थांबली. दगडापर्यंत गेलीच नाही.

हल्ली आपल्याकडे ज्या स्वस्तातल्या एएमटी गाड्या (आत साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप बदलणारे) जास्त दिसतात, त्यांना बहुधा पी नसतो आणि दांडा केबलने नाही, वायरने बोलतो. त्यांना हे लागू नाही. केबलवाली गाडी असेल तर मात्र दरवेळी तेल बदलताना मेकॅनिकला ती कडी हलवून बघायला सांगा. आणि चढावर लावताना आधी ब्रेक दाबून धरा, एन मध्ये हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडून गाडी त्यावर टेकू द्या, आणि मग पुन्हा ब्रेक दाबून पी लावा. मी आता तसंच करते. त्याने गाडीचा भार हँडब्रेकवर राहतो, त्या छोट्या खटक्यावर येत नाही, आणि सकाळी पी मधून दांडा काढताना झटकाही बसत नाही.