हरवलेल्या सॅव्हेज २४ चा शोध : माझी नोंदवही

१२ मार्च

ज्या बंदुकीवर मी नेम धरायला शिकलो, ती १९८५ साली आमच्या घरातून गेली. वडिलांनी उत्तर पेनसिल्व्हेनियातील पॉटर काउंटीतला आपला दवाखाना बंद करून न्यू जर्सीतल्या रुग्णालयात नोकरी धरली, तेव्हा घराबरोबर त्यांनी घरातल्या बंदुकाही विकून टाकल्या. मी त्या वेळी कॉलेजात होतो. सुट्टीत परतलो तेव्हा कपाट रिकामे होते. बाकीच्या बंदुकांचे मला फारसे काही वाटले नाही, पण एक सॅव्हेज २४ मात्र गेली चाळीस वर्षे मनातून गेलेली नाही. या वर्षी तिच्या जागी तशीच दुसरी मिळवायची असे मी ठरवले आहे, आणि तो शोध कसा पुढे सरकतो ते इथे टिपून ठेवणार आहे.

ज्यांनी ही बंदूक पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. दोन नळ्या एकावर एक, वरची .२२ लाँग रायफल या एक गोळीच्या लहान काडतुसाची आणि खालची .४१० या मापाच्या छऱ्यांच्या काडतुसाची. घोडा एकच, चापही एकच, आणि कोणती नळी उडवायची ते ठरवणारे एक छोटे बटण. स्टीव्हन्स कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या थोडे आधी ही रचना बाजारात आणली, अमेरिकी हवाई दलाने युद्धकाळात वैमानिकांच्या बचावसाहित्यासाठी ती घेतली, आणि १९५० पासून ती सॅव्हेजच्या नावाने 'मॉडेल २४' म्हणून विकली जाऊ लागली. आमच्याकडची बंदूक शेजारच्या दूधव्यावसायिक आजोबांनी मला १९७८ साली दिली. त्या वर्षी मी बारा वर्षांचा झालो होतो आणि तिथे शिकारीचा परवाना मिळण्याचे तेव्हाचे किमान वय तेच होते. वडील मूळचे सिंधुदुर्गातले. रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी गावी आजोबांनी बाळगलेली ठासणीची बंदूक त्यांनी लहानपणी पाहिली होती. त्यामुळे मुलाच्या हाती बंदूक देताना ते घाबरले नाहीत, मात्र पहिले सहा महिने त्यांनी मला एका वेळी एकच काडतूस दिले.

२० मार्च

असली बंदूक हवीच कशाला, असा प्रश्न एका मित्राने केला. त्याचे उत्तर त्या रानात आहे. ऑक्टोबरात बीच, ओक आणि हिकरीच्या झाडांखाली चालताना खार फांदीला चिकटून निश्चल बसलेली दिसते, तिच्यासाठी .२२ ची एक गोळी डोक्यात बसली की मांस वाया जात नाही. त्याच वाटेवर पुढच्या झुडपातून रफ्ड ग्राउज हा रानकोंबडीएवढा पक्षी फडफडाट करत असा उसळतो की गोळीने त्याला टिपण्याची आशाच करू नये. तिथे छरेच लागतात. दोन बंदुका खांद्यावर घेऊन कोणी चढ चढत नाही. एकाच बंदुकीत दोन्ही सोयी असणे ही त्या रानाची गरज होती, आणि म्हणूनच त्या भागातल्या शेतघरांच्या दारामागे ही बंदूक हमखास उभी असे.

नव्या बंदुकांचा विचार मी प्रामाणिकपणे केला. सॅव्हेजनेच २०१३ साली 'मॉडेल ४२' काढले; त्याला काळा कृत्रिम दस्ता आणि २० इंची नळ्या आहेत. बंदूक हलकी आहे, पाऊसपाण्याला टिकेल, आणि आज एखाद्या बारा वर्षांच्या मुलासाठी नवी बंदूक घ्यायची असेल तर मी तिचीच शिफारस करीन. इटलीच्या कियाप्पा कंपनीची 'डबल बॅजर' लाकडी दस्त्याची आहे, मधोमध दुमडते आणि दिसायलाही देखणी आहे. पण तिला प्रत्येक नळीसाठी वेगळा चाप, म्हणजे एकूण दोन चाप आहेत. दुकानात ती खांद्याला लावल्यावर माझे बोट मधल्या मोकळ्या जागेत घुटमळत राहिले. दोन चापांची पद्धत वाईट आहे असे मुळीच नाही, युरोपात पिढ्यानपिढ्या लोक तिच्यावरच शिकार करत आले आहेत. माझ्या हाताला मात्र ती परकी वाटली.

१८ एप्रिल

घाई केली आणि फसलो. परराज्यातल्या एका विक्रेत्याकडून 'उत्तम स्थितीतील' म्हणून सॅव्हेज २४ मागवली. ती १९७० च्या दशकातली निघाली. नळी निवडण्याची कळ घोड्याच्याच माथ्यावर होती आणि नळ्या खाली वळवून बंदूक उघडण्याची पट्टी चापाच्या कड्यापुढे, खालच्या बाजूला होती. ही रचनाही सॅव्हेजचीच आणि चांगली मजबूत. पण बंदूक हातात घेताक्षणी मला जाणवले की ही ती नव्हे. का नव्हे, ते मात्र त्या क्षणी नेमके सांगता आले नाही.

दुसरी अडचण अधिक ठोस होती. .२२ च्या चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेच्या, काठावर फायरिंग पिनच्या (काडतुसावर आपटणाऱ्या सुईच्या) आघाताने पडलेला खळगा होता. रिमफायर बंदूक, म्हणजे काडतुसाच्या कडेवर पिन आपटून बार उडवणारी बंदूक, रिकामी असताना वारंवार चाप ओढला की पिनला मध्ये काडतुसाची कड मिळत नाही, ती थेट पोलादावर आदळते, काठ आतल्या बाजूला दबतो आणि मग उडालेल्या काडतुसाचे रिकामे कवच (केस) निघता निघत नाही. मी उडवलेल्या दहापैकी चार केसेस खिशातल्या चाकूच्या टोकाने काढाव्या लागल्या. विक्रेत्याने तपासणीसाठी तीन दिवस दिले होते. त्या मुदतीत बंदूक परत केली, पण येण्याजाण्याचा खर्च माझ्या अंगावर पडला. जुनी रिमफायर बंदूक घेणाऱ्या प्रत्येकाने चेंबरच्या काठाचे जवळून काढलेले छायाचित्र आधी मागून घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

९ मे

बहिणीने आईच्या जुन्या अल्बममधले एक छायाचित्र पाठवले. साल १९७९, माझ्या एका हातात ससा, दुसऱ्या हाताच्या कोपरावर उघडून ठेवलेली बंदूक, आणि तिची उजवी बाजू कॅमेऱ्याकडे. भिंग लावून पाहिले तेव्हा शोधाची दिशाच बदलली. रिसीव्हरच्या (नळ्यांमागच्या, घोडा आणि चाप बसवलेल्या भागाच्या) उजव्या अंगाला, चापाच्या किंचित वर, वर-खाली सरकणारे बटण स्पष्ट दिसते; घोड्याचा माथा साधा आहे आणि उघडण्याची पट्टी घोड्यापुढे, वरच्या बाजूला आहे. म्हणजे आमची बंदूक साधारण १९६५ च्या आधीची, बाजूच्या बटणाच्या घडणीची होती.

एप्रिलमधल्या बंदुकीत काय चुकत होते तेही याच चित्राने उलगडले. शेजारच्या आजोबांनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते की नेम ठरेपर्यंत बोट चापावर न ठेवता बाहेर, सरळ ठेवायचे. माझी तर्जनी अशी सरळ ठेवली की तिचे टोक नेमके त्या बटणावर येत असे. खार दिसली की बटण वर, पक्षी उठण्याची चाहूल लागली की बटण खाली. दोन्ही वेळा न पाहता, बोटानेच. बोट चापापासून दूर ठेवण्याची शिस्त आणि नळी निवडण्याचे काम अशा रीतीने एकाच जागी गुंफलेले होते. घोड्यावरच्या कळीला अंगठा लागतो आणि तोपर्यंत तर्जनी रिकामी राहते. हा फरक कागदावरच्या तपशिलात कुठेच सापडत नाही. यापुढे मी फक्त बाजूच्या बटणाचीच बंदूक शोधणार आहे.

२३ ऑगस्ट

अखेर मिळाली. ओहायोतील एका वृद्ध गृहस्थांनी विकायला काढलेली सॅव्हेज २४ मी ४७५ डॉलरना घेतली. परराज्यातून घेतलेली बंदूक परवानाधारक दुकानदारामार्फतच ताब्यात घ्यावी लागते, त्यामुळे ती इथल्या दुकानात आली. तिथे बंदूक खरेदीचा ४४७३ क्रमांकाचा सरकारी फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली, आणि दुकानातल्या तरुणाने अनुक्रमांक शोधण्यात दहा मिनिटे घालवली. तो तिच्यावर नाहीच. १९६८ च्या अमेरिकी बंदूक नियंत्रण कायद्यापूर्वी असल्या .२२ रायफलींवर आणि छऱ्याच्या बंदुकांवर अनुक्रमांक घालण्याची सक्ती नव्हती, तेव्हा फॉर्मवरही तशीच नोंद झाली. त्याऐवजी बिजागरीजवळ एका लहान वर्तुळात 'पी' हे अक्षर कोरलेले आहे. सॅव्हेजच्या त्या काळच्या संकेतानुसार १९४९ साठी 'ए' पासून सुरुवात होते आणि 'ओ' वगळलेला आहे. त्या हिशेबाने 'पी' म्हणजे १९६३.

घरी आणून आधी तपासणी केली. पुढचे लाकूड काढून, बंदूक बंद करून, दस्ता धरून हलवली. बिजागरीचा खुळखुळाट आला नाही. दिव्यासमोर धरली तेव्हा नळ्या आणि रिसीव्हर यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली नाही. .२२ ची नळी पुसल्यावर आटे धारदार दिसले आणि चेंबरचा काठ अखंड होता. .४१० च्या नळीत तोंडापासून चार बोटे आत गंजाचे बारीक खड्डे आहेत; ते मी स्वीकारले. दस्त्याला मागच्या स्क्रूजवळ केसाएवढी चीर आहे.

खरे दुखणे बटणाचे होते. ते वर जात असे, पण खाली येताना अर्ध्यातच अडकत असे, आणि ही गोष्ट धोक्याची आहे, कारण मग कोणती नळी उडेल याचा भरवसा राहत नाही. साठ वर्षांचे तेल आत सुकून त्याचा डिंक झाला होता. दस्ता उतरवून रिसीव्हर रात्रभर मिनरल स्पिरिट या तेलकट मळ काढणाऱ्या द्रावणात बुडवून ठेवला, सकाळी जुन्या दातांच्या ब्रशने खाचा घासल्या, आणि तपकिरी गाळ निघून गेल्यावर बटण 'टक्' असा आवाज करून आपल्या जागी बसले. तो आवाज ऐकून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. चिरेत पातळ इपॉक्सी भरून दस्ता दोन दिवस बांधून ठेवला. जुना रंग खरवडून लाकूड नवे करण्याचा मोह टाळला आहे.

१४ सप्टेंबर

नेमबाजीच्या मैदानावर चार तास घालवले. दोन नळ्यांच्या मिश्र बंदुकीचा खरा कस इथेच लागतो, कारण नेम धरण्याची मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी दोन्ही नळ्यांना सामाईक असते आणि दोन नळ्या एकाच ठिकाणी मारा करतीलच असे नाही. आधी .२२ जुळवून घेतली. २५ यार्डांवर ४० ग्रेन वजनाच्या साध्या वेगाच्या पाच-पाच गोळ्यांची छिद्रे साडेतीन सेंटिमीटरच्या आत आली. अतिवेगवान गोळ्यांची छिद्रे सहा सेंटिमीटरपर्यंत पसरली. त्यामुळे साध्या गोळ्या कायम केल्या.

नंतर मोठा कागद लावून खालची नळी तपासली. तीन इंची काडतुसातले सहा नंबरचे छरे २५ यार्डांवर नेमाच्या दहा सेंटिमीटर खाली आणि किंचित डावीकडे पडतात. अडीच इंची काडतुसात छरे कमी असतात, पण त्यांचा पसारा मला अधिक एकसारखा दिसला आणि मध्यही नेमाच्या जवळ आला. उडत्या पक्ष्यावर एवढा फरक चालून जाईल. माशी घासून काही साधणार नाही, कारण एका नळीचे सुधारले की दुसरीचे बिघडेल. म्हणून माशीला हात लावलेला नाही. बटण पन्नास वेळा वर-खाली केले आणि प्रत्येक वेळी निवडलेलीच नळी उडेल याची खात्री रिकाम्या केसेस घालून करून घेतली.

१९ ऑक्टोबर

पॉटर काउंटीत, आमच्या जुन्या घरापासून फार लांब नसलेल्या सरकारी रानात, नारिंगी जाकीट घालून पहाटे पोचलो. हिकरीच्या झाडाखाली कवचांचे तुकडे पडत होते, त्यावरून वर खार आहे हे कळले. बटण वर, घोडा मागे, एक बार. तासाभराने दुसरी मिळाली. दोन्ही घरी आणल्या आणि आई जसा कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा करायची तसाच केला. खारीचे मांस घट्ट असते, त्यामुळे ते कुकरमध्ये शिजवून मग रश्श्यात सोडावे लागते.

परतीच्या उतारावर पायापासून दहा पावलांवरून ग्राउज उसळला. बंदूक खांद्याला लागली, नेम त्याच्या पुढे गेला, आणि त्याच क्षणी बोटाला जाणवले की बटण वर आहे. पक्षी हेमलॉकच्या झाडांच्या दाटीत शिरला. मी बार काढला नाही. बटण खाली सरकवले आणि तो बसला असेल त्या बाजूला हळूहळू चालू लागलो.