उणे टक्क्यांचं पाणी

मीडियाच्या पहिल्या वर्षाला नवी मुलं आली, की पहिल्याच तासाला विचारतात, ‘मॅडम, कॅमेरा कधी हातात मिळणार?’ मी उत्तर न देता फळ्यावर लिहिते : ‘उजनी उणे ३० टक्क्यांवर’. मग विचारते, धरणात पाणी किती उरलं?

‘संपलं,’ हे उत्तर दरवर्षी ठरलेलं. यंदा मात्र मागच्या बाकावरून करमाळ्याकडची एक मुलगी म्हणाली, ‘संपलं कसं? आमच्या पाण्याच्या मोटारी चालू असतात की तेव्हा.’ तिथून आमचा पायाभूत अभ्यासक्रम सुरू झाला.

उजनीची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे उपयुक्त पातळीच्या खालचं पाणी. टक्केवारी मोजतात ती वरच्या साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठ्याची. म्हणजे उणे ३० टक्के झाले, की मृतसाठ्यातलं १६ टीएमसी वापरलं गेलेलं असतं आणि धरणात सुमारे ४७ टीएमसी पाणी असतंच. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, जवळपास २,८३१ कोटी लिटर. ११,५७४ क्युसेकने, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, २४ तास पाणी सोडलं, की एक टीएमसी जातं. हे सगळं मी मुलांना कॅल्क्युलेटर न देता करायला लावते. वेळ लागतो, लागू दे.

हा हट्ट कुठून आला तेही सांगते. वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझं चौथं वर्ष होतं. मे महिन्यात रात्री उशिरा आलेल्या बातमीला मी मथळा दिला, ‘उजनी कोरडी पडली’. पानात बसणारा, जोरकस. दुसऱ्या दिवशी दुपारी भिगवणहून एका मासेमारी करणाऱ्याचा फोन आला. ‘ताई, मी होडीतूनच बोलतोय.’ आवाजात राग नव्हता. धरण कोरडं पडलं असं छापून आल्यामुळे मासे घेणारा व्यापारी त्या दिवशी आलाच नव्हता, एवढंच त्याने सांगितलं. आम्ही खुलासा छापला, आतल्या पानावर, चार ओळींचा. त्याच्या त्या दिवसाच्या पाट्या कुणी भरून दिल्या नाहीत. ते मला अजून लागतं.

अभ्यासक्रमात बाकीचंही आहे. ६ जानेवारी १८३२ चं ‘दर्पण’, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर, एकाच पानावर शेजारी शेजारी मराठी आणि इंग्रजी मजकूर. राज्यघटनेचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारं कलम १९(१)(क) आणि लगेच त्याला मर्यादा घालणारं १९(२). बातमीचे सहा ककार : कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. हे मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात. माझ्या मते सहा ककारांना एक सातवा हवा : किती? आणि त्याला लागूनच, कशाच्या किती?

म्हणून दिवाळीनंतर मी त्यांना पहाटे सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या लिलावाला नेते. तिथे दर तीन असतात : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. मथळ्यात येतो तो कमाल, जो कधी कधी मोजक्याच गोण्यांना मिळालेला असतो. प्रत्येकाने एका शेतकऱ्याशी बोलायचं, परवानगी घेऊन त्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, बघायची, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात काय पडलं ते वहीत लिहायचं. मोबाइल खिशात.

गेल्या वेळी एक मुलगा तासभर एका आजोबांपाशी उकिडवा बसून होता. अँकर व्हायचंय म्हणून घरी भांडून आलेला, आवाज खणखणीत. वर्गात परतल्यावर त्याने बातमी वाचली. पहिल्या वाक्यात सर्वसाधारण दर होता, दुसऱ्यात आजोबांच्या पट्टीवरची शेवटची रक्कम. कमाल दर चौथ्या वाक्यात, किती गोण्यांना मिळाला त्या आकड्यासकट. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, ‘मॅडम, आजोबांना पाठवू का ही? त्यांनी मागितलीय.’

त्या दिवशी मी त्याला कॅमेऱ्याच्या खोलीची किल्ली दिली.