‘हायवे टच’ लिहिण्याआधी: खान्देशातील घर-प्लॉटच्या लेखांना शीर्षक कसे द्यावे

जळगाव, भुसावळ आणि धुळे या परिसरातील घरे व प्लॉट यांविषयी मी स्थानिक बांधकाम व्यावसायिकांच्या संकेतस्थळांसाठी लेख लिहितो. लेख सोपवताना बहुतेक जण एकच अपेक्षा व्यक्त करतात, ती म्हणजे शीर्षक असे द्या की लोकांनी उघडलेच पाहिजे. अपेक्षा रास्त आहे, कारण शीर्षकावर बोट न टेकवणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने खालचा सगळा मजकूर लिहिलाच गेलेला नसतो. मात्र त्यापाठोपाठ ते स्वतः जे सुचवतात, म्हणजे ‘स्वप्नातील घर’, ‘सुवर्णसंधी’, ‘शेवटचे काही प्लॉट शिल्लक’, ते जळगावच्या आकाशवाणी चौकापासून अजिंठा चौफुलीपर्यंतच्या फलकांवर लोकांनी इतक्या वेळा वाचलेले असते की त्या शब्दांवरून नजर आपोआप घसरते.

आपल्याकडे प्लॉट घेणारा माणूस बहुधा आयुष्यभराची बचत, भविष्य निर्वाह निधीची रक्कम किंवा केळी-कापसाच्या दोन-चार चांगल्या हंगामांतून साठलेला पैसा घेऊन आलेला असतो. जागेविषयी त्याला उत्सुकता निर्माण करून द्यावी लागत नाही, ती त्याच्यापाशी भरपूर असते. त्याच्या मनात असतो तो संशय. सांगितलेला भाव खरा आहे का, सातबारा कोणाच्या नावावर आहे, रस्ता कागदावर आहे की नुसताच बैलगाडीच्या वहिवाटीचा आहे, नळाला पाणी किती दिवसांनी येते, या प्रश्नांवर घरात रात्री उशिरापर्यंत चर्चा चाललेली असते. माझ्या मते लक्ष वेधून घेणारे शीर्षक म्हणजे त्या चर्चेतला एखादा प्रश्न जसाच्या तसा उचलून आणणारे शीर्षक.

एक उदाहरण सविस्तर पाहू. ‘प्लॉट खरेदीतील गुंतवणुकीचे फायदे’ या शीर्षकात चूक काहीच नाही, पण ते कोणासाठी लिहिले आहे हे कळत नाही. आपल्या भागात जमिनीचा व्यवहार गुंठ्यात बोलला जातो आणि मंजूर ले-आउटमधला प्लॉट मात्र चौरस फुटांत विकला जातो, त्यामुळे दोन भावांची तुलना करताना भलेभले गोंधळतात. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे धरून मी शीर्षक असे करीन: ‘गुंठ्याला ११ लाख म्हणजे चौरस फुटाला किती? भाव ऐकताना करायचा हिशेब’. उत्तर सुमारे १०१० रुपये असे येते, आणि ते लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात देऊन टाकावे, लपवून ठेवू नये. वाचक तरीही पुढे वाचतो, कारण आता त्याला खरा प्रश्न पडलेला असतो: कच्च्या जमिनीतून रस्ते आणि खुली जागा वजा झाल्यावर विकता येण्याजोगे क्षेत्र बरेच कमी उरते, तर मग शेतजमिनीचा गुंठा आणि एन.ए. (बिगरशेती) प्लॉटचा चौरस फूट यांची सरळ तुलना करता येते का? शीर्षकातला आकडा दाराशी थांबवतो आणि हा दुसरा प्रश्न आत घेऊन जातो. उत्तर दडवून वाचकाला ताटकळत ठेवणारी ‘हे वाचून तुम्ही थक्क व्हाल’ छापाची शीर्षके काही काळ फार चालली, पण फेसबुकने २०१४ मध्येच अशा मजकुराला मागे ढकलायला सुरुवात केली, आणि घर घेणाऱ्या माणसाला तर थक्क होण्याची मुळीच हौस नसते.

आता ‘हायवे टच’विषयी. हा शब्द आपल्याकडे इतका सैल झाला आहे की महामार्ग आणि प्लॉट यांच्यामध्ये दोन शेते आणि एक नाला असला तरी तो बिनदिक्कत लिहिला जातो. ‘स्टेशनपासून १० मिनिटे’ हेही त्याच जातीचे, कारण ती मिनिटे कोणत्या वाहनाची आणि दिवसाच्या कोणत्या वेळची हे कोणी सांगत नाही. मी अंतर किलोमीटरमध्ये लिहितो आणि कोणत्या ठिकाणापासून मोजले तेही लिहितो. हा केवळ नीतीचा आग्रह नाही. स्थावर संपदा कायदा, २०१६, म्हणजे ज्याला सगळे ‘रेरा’ म्हणतात, त्यात जाहिरातीची व्याख्या फार व्यापक आहे: प्रकल्पाची माहिती देणारी कोणत्याही माध्यमातली, कोणत्याही स्वरूपातली प्रसिद्धी तिच्यात येते. त्यामुळे विशिष्ट प्रकल्पावर लिहिलेला लेख ‘ही तर नुसती माहिती आहे’ असे म्हणून बाजूला काढता येत नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा ८ सदनिकांपर्यंतचे छोटे प्रकल्प वगळले, तर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी होण्यापूर्वी जाहिरात करता येत नाही. नोंदणी झाल्यावर तो क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता जाहिरातीत ठळकपणे द्यावा लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही बंधनकारक आहे. कलम १२ तर थेट लेख लिहून घेणाऱ्याच्या मानेवर बसते: जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून कोणी आगाऊ रक्कम दिली आणि त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाला, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्याला, भरपाई द्यावी लागते, आणि ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास रक्कम व्याजासह परत करावी लागते. शीर्षकात फ्लॅटचे क्षेत्रफळ टाकायचे असेल तर ते कार्पेटचेच, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेचेच, असावे. भिंती, जिना अशा सामाईक जागाही धरणारा ‘सुपर बिल्ट-अप’चा फुगवलेला आकडा शीर्षकात शोभून दिसतो, पण वाचक तो मनात धरून जागेवर येतो आणि खोल्या पाहून हिरमुसतो.

ठिकाणाचे नाव शीर्षकात शक्य तितके आधी यावे. याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. मोबाइलवरील शोधनिकालात लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते, आणि जी कापली जाते तिच्यातच ‘जळगाव’ असेल तर लेख नागपूरचा की नाशिकचा हे कळायला मार्ग उरत नाही. किती अक्षरे चालतात याची गणिते इंग्रजी शीर्षकांसाठी केलेली असतात. मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीत ती तंतोतंत लागू पडत नाहीत, म्हणून आकडे पाठ करण्यापेक्षा साध्या फोनवर एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे. शीर्षक आणि आतला मजकूर जुळत नसेल तर गूगल निकालात स्वतःच्या मर्जीने दुसरेच शीर्षक दाखवतो, हेही लक्षात ठेवलेले बरे.

आपल्याकडचा निम्मा वाचक तर शोधत येतच नाही, कारण त्याला दुवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटात मिळतो. सुरतेत, नाशकात किंवा पुण्यात नोकरी करणारा भाचा तो गावाकडच्या मामांना पाठवतो, किंवा मामा त्याला पाठवतात. दुव्याखाली ठळक दिसणाऱ्या त्या एक-दोन ओळी वाचूनच ‘बघा जरा’ असे म्हटले जाते. बाहेरगावी असलेल्या या खान्देशी माणसासाठी स्वतंत्र शीर्षके का लिहिली जात नाहीत, याचे मला नवल वाटते. ‘पुण्यात राहून धुळ्यातल्या प्लॉटचा सातबारा कसा तपासावा’ हे शीर्षक कोणत्याही विशेषणाविना चालते, कारण डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळतो आणि तो काढल्यावर त्यात नेमके काय पाहायचे हेच त्या माणसाला हवे असते. अहिराणीतून शीर्षक द्यावे का, असेही कधी विचारले जाते. धुळे-अमळनेरच्या गटांत ते लाघवी वाटते, पण रावेर-यावलकडे लेवा गणबोली बोलली जाते आणि शोधताना कोणी अहिराणीत टंकत नाही, म्हणून मी अहिराणी लेखाच्या आत एखाद्या संवादापुरती ठेवतो.

ऋतूचे भान मात्र शीर्षकाला फार उपयोगी पडते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास लेकी माहेरी आलेल्या असतात, घर भरलेले असते आणि जागेचा विषय निघतोच. त्या दिवसांत ‘अक्षय्य तृतीयेच्या हार्दिक शुभेच्छा आणि खास ऑफर’ लिहिण्यापेक्षा मी एक वेगळे शीर्षक सुचवीन: ‘मे महिन्यात घर पाहायला दुपारी ३ वाजताच का जावे’. भुसावळचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला याचे कारण विचारावे लागत नाही, तरीही तो लेख उघडतो. आत लिहायला खरोखर पुष्कळ आहे. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहावा, वरच्या मजल्यावर गच्चीचा ताप किती उतरतो ते छताखाली उभे राहून अनुभवावे, झोपण्याची खोली कोणत्या बाजूला आहे ते पाहावे, टाकीतल्या पाण्याचा नळ सोडून ते किती तापले आहे ते बघावे. विकणारे सहसा सकाळी १० किंवा संध्याकाळी ६ ची वेळ देतात, हेही त्यात सांगता येते. हे शीर्षक कोणाला नाराज करील अशी भीती एका व्यावसायिकाने बोलून दाखवली होती. ज्याच्या घराची पश्चिम बाजू नीट सावरलेली आहे त्याला भिण्याचे कारण नाही, आणि ज्याची नाही त्याने दुसरे शीर्षक निवडावे.

एकदा प्रसिद्ध झालेले शीर्षक वाऱ्यावर सोडून चालत नाही. वार्षिक मूल्यदर तक्ता (रेडी रेकनर), तुकडेबंदीचे (जमिनीचे छोटे तुकडे पाडण्यावरील बंधनाचे) नियम आणि मुद्रांक शुल्कातील सवलती यांवरच्या लेखांच्या शीर्षकात मी वर्ष घालतो आणि मार्च संपत आला की ते सगळे लेख पुन्हा उघडतो. मजकूर न बदलता नुसते वर्ष बदलण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला खोट्या ‘हायवे टच’इतकीच वाईट वाटते. नियम बदलला असेल तर आधी आतला मजकूर दुरुस्त करायचा आणि मग शीर्षकाला हात लावायचा. मजकूर दुरुस्त करायला वेळ नसेल, तर जुने वर्ष तसेच राहू द्यायचे, म्हणजे निदान वाचणाऱ्याला माहिती केव्हाची आहे ते कळते.