टेबलाखालचं इंदूर

हॉटेल बरं की वाईट, हे माणूस मेन्यू वाचून ठरवतो. लॅब्रेडॉरचं नाक जमिनीपासून फार तर दोन फुटांवर असतं. त्याला दिसतं ते टेबलांच्या पायांचं रान, चपला, पिशव्या, वेटरच्या पोटऱ्या आणि सकाळपासून कुणाकुणाच्या हातून सांडलेली शेव. म्हणून कुत्र्याला घेऊन खायला-प्यायला निघालात, तर दारावर ‘पेट फ्रेंडली’ची पाटी आहे का हे बघण्याआधी जरा वाकून टेबलाखाली बघावं. पाटी आपल्यासाठी असते. कुत्र्याला मिळते ती फरशी.

इंदूरकराला बाहेर खाणं म्हटलं की आधी सराफा आणि छप्पन दुकान आठवतं. कुत्र्यासाठी ही दोन्ही नावं खोडून टाकावीत. सराफ्यात दिवसा सोन्याची दुकानं, आणि ती बंद झाली की त्याच ओट्यांवर रात्रीचे ठेले लागतात. गल्ली अरुंद, उकळत्या तेलाच्या कढया हाताशी, आणि गर्दी इतकी की माणसालाच पाय कुठे ठेवावा कळत नाही, तर चार पायवाल्याने काय करावं! छप्पनला गाड्या येत नाहीत हे खरं, पण पायांची दाटी तीच. तिथे हॉट डॉगच शोभून दिसतो, तो पावातला.

खरी सोय उपनगरात. राजेंद्रनगर-लोकमान्य नगराकडून राऊच्या दिशेला निघावं, किंवा बायपासला लागावं. तिथे मोकळी जागा आहे, आणि जागा तीन जातींच्या आहेत.

पहिली जात काचेच्या दाराच्या एसी कॅफेची. मे महिन्यात ही हवीशी वाटते. पण चकचकीत टाइल्सवर कुत्र्याचे पंजे धरत नाहीत. घसरणारा कुत्रा उभाही धड राहत नाही आणि बसतही नाही, तासभर अंग आखडून धरतो, आणि मालक म्हणतो, ‘बघा किती शहाणा आहे.’ शिवाय बंद खोलीत मिक्सर-ग्राइंडरचा आवाज चारी भिंतींवरून परत येतो. दुसरी जात लॉनवाल्या रेस्टॉरंटची आणि ढाब्यांची. जागा ऐसपैस, हवा खेळती. खोट एवढीच की पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यातून येणारा ताप कुत्र्याला महिनाभर आडवा करू शकतो. घरी आल्यावर कानाच्या पाळीमागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी आणि पट्ट्याखाली बोटं फिरवून बघायचंच. लग्नसराईत शेजारच्या गार्डनमध्ये डीजे आहे का, याचीही चौकशी करावी. तिसरी जात चहाच्या टपरीची. तिच्याकडे शेवटी वळू, कारण तिचं प्रकरण नाजूक आहे.

फोन करून ‘कुत्रा चालेल का?’ एवढंच विचारलं की उत्तर येतं, ‘हाँ हाँ भिया, ले आओ.’ तिथे गेल्यावर दारावरचा गार्ड अडवतो, आणि त्याचं काही चुकत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. विचारायचं ते नेमकं: आत बसवणार की बाहेर? संध्याकाळच्या पाळीच्या मॅनेजरला ठाऊक आहे का? मोठ्या जातीचा कुत्रा चालतो ना? तुमच्याकडे स्वतःचं मांजर किंवा कुत्रा आहे का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि नेमका तोच महागात पडतो. मालक कां-कूं करत असेल तर राग धरू नये. अन्न बनतं आणि हाताळलं जातं तिथे प्राणी नकोत, हा अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांचा रोख आहे. म्हणून समंजस हॉटेलवाला बाहेरचं टेबल देतो, आणि समंजस पाहुण्याने तेच मागावं. रेबीजच्या लसीची तारीख असलेल्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा. पिल्लाच्या लसी पुऱ्या व्हायच्या असतील, म्हणजे साधारण चार महिन्यांच्या आत, तर त्याला जमिनीवर सोडूच नये. पार्व्हो या जीवघेण्या जुलाबांच्या रोगाचा विषाणू लादीवर महिनोन् महिने तग धरतो.

मग वेळ. माळव्याची रात्र गार म्हणून वाखाणलेली, ‘शब-ए-मालवा’. पण एप्रिल-मेमध्ये ती गार व्हायला रात्र बरीच चढावी लागते. दिवसभर तापलेला डांबरी रस्ता संध्याकाळी सातलाही ऊन ओकत असतो. तळहाताचा भरवसा नसतो, हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात आकडे मोजावेत. धरवत नसेल तर त्या रस्त्यावर त्याचे पंजेही पोळणारच. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या मंडळींना तर धापा टाकूनही अंगातली उष्णता पुरेशी बाहेर टाकता येत नाही. त्यांच्यासाठी उन्हाळ्यात सकाळी सातचा चहा, नाहीतर थेट थंडीतला बेत. रविवारी सकाळी पोह्यांच्या दुकानासमोर उभं राहणं हा मात्र कुठल्याच जातीचा कार्यक्रम नव्हे. उन्हाळा सोडला तर आठवड्यातला मधला दिवस आणि संध्याकाळी पाच-साडेपाचची वेळ, वेटर रिकामे, टेबलं रिकामी, याहून चांगला मुहूर्त नाही.

टेबल कोपऱ्यातलं निवडावं, म्हणजे कुत्र्याच्या पाठीशी भिंत येते आणि मागून अचानक कुणी येत नाही. स्वयंपाकघराच्या दारापासून आणि वेटरच्या वाटेपासून लांब. मोठा कुत्रा आडवा पसरला की त्याला साडेतीन फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा लागते. शेपूट वाटेत राहिली की तिच्यावर पाय पडणार हे ठरलेलं, आणि मग चावण्याचा दोष शेपटीवाल्याच्या माथी.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. दोरी खुर्चीच्या पायाला बांधू नये. प्लॅस्टिकची खुर्ची दोन-तीन किलोची असते. आपण हात धुवायला उठतो, कुत्रा आपल्यामागे निघतो, खुर्ची फरफटते, त्या आवाजाने तो दचकून पळतो आणि खुर्ची त्याच्यामागे धावते. त्याच्या हिशेबी ती त्याची शिकार करायला निघालेली असते. असा भ्यालेला कुत्रा रस्ता-बिस्ता बघत नाही. दोरी साधी, पाच-सहा फुटांची घ्यावी; बटण दाबून लांबणारी घेऊ नये, ती दुसऱ्याच्या पोटरीला गुंडाळते. टोकाचा फास मनगटात आणि मधल्या दोरीवर आपला पाय: त्याला पसरता येईल एवढी ढील, टेबलावर पुढचे पाय टाकता येणार नाहीत एवढी आखूड. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस बरा, दचकला तरी मान सुटत नाही.

हे सगळं त्याने पहिल्याच दिवशी हॉटेलात जाऊन शिकावं अशी अपेक्षा म्हणजे मुलाला परीक्षेच्या हॉलमध्ये बाराखडी शिकवणं. सुरुवात घरच्या जेवणाच्या टेबलाखाली करावी. जुन्या गोधडीचा तुकडा घालायचा, त्यावर तो बसला की दोन पंज्यांच्या मधोमध खाऊचा दाणा ठेवायचा. हातातून द्यायचा नाही, नाहीतर त्याची नजर कायम आपल्या हाताकडे, म्हणजे टेबलाकडे. पाच मिनिटं जमली की दहा, मग वीस. तीच गोधडी पुढे गॅलरीत, मग कॉलनीच्या बाकाखाली, आणि मग दुपारी चारला एखाद्या ओस हॉटेलात, एक चहा होईपर्यंतच. घरचा वास असलेला हा तुकडा निसरडी टाइल, तापलेली फरशी आणि परकी जागा या तिन्हींवर इलाज आहे. महागड्या मॅटला तो वास कुठून येणार? निघण्याआधी अर्धा-पाऊण तास फिरवून शी-शू उरकून घ्यावी. तरी झालीच, तर पिशवी गाठ मारून घरी न्यावी, हॉटेलच्या डब्यात टाकू नये. स्वच्छतेत २०१७ पासून पहिल्या नंबराची सवय लागलेल्या गावात लोक याकडे बघतात, आणि एकाच्या आळसापायी सगळ्यांसाठी दार बंद होतं. सोबत पाणी आणि घडीचा वाडगा हवाच. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. हॉटेलची वाटी मागून घेऊ नये. शेजारच्या टेबलावरचे लोक ती बघतात आणि आपल्यापुढच्या वाटीचा विचार करू लागतात.

खाण्याचं बघायचं तर इंदुरी ताट म्हणजे कुत्र्याची नाकाबंदीच. पोह्यांवर कांदा, शेव आणि जिरावण हा इंदुरी मसाला. जिरावणात काळं मीठ. कांदा-लसूण रक्तातल्या लाल पेशी फोडतात. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने अपाय होऊ शकतो, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एखाद-दुसरा मोठा कांदा पुरतो, शिजवलेला असला तरी. ग्रेव्हीत तो दिसत नाही म्हणून हिशेब चुकतो; आणि परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो, हिरड्या फिकट आणि लघवी गडद, तोवर ती ग्रेव्ही कुणाच्या लक्षात नसते. मनुका-बेदाण्यांचं प्रमाण तर सांगताच येत नाही, थोड्यानेही एखाद्याची किडनी बसते. त्यामुळे सुकामेवा घातलेली दुधाची इंदुरी शिकंजी त्याला चाटवू नये. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल यामागे असावं असं अलीकडे मानलं जातं आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. म्हणजे कचोरीची आंबटगोड चटणी आणि पाणीपुरीचं, इथल्या भाषेत पानीपताशांचं, पाणीही बाद. कॅफेतल्या ब्राउनीबद्दल: दहा किलोच्या कुत्र्याला ४० ग्रॅम डार्क चॉकलेटही उलट्या आणि बेचैनी सुरू करायला पुरे. शुगर-फ्री मिठाईत साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असेल तर त्याहून लवकर घात, अर्ध्या तासात रक्तातली साखर खाली येऊ शकते. असं काही पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये, थेट डॉक्टर गाठावा.

पावसाळ्यात भुट्टे. दाणे चार-दोन चालतील, धोका उरलेल्या बुरकुंडाचा. ते पोटात विरघळत नाही, आतड्यात अडकलं की ऑपरेशन. टेबलाखाली फेकलेलं बुरकुंड, पनीर टिक्क्याची काडी, तंदुरीचं हाड, फुटका कुल्हड, बसण्याआधी एवढं पायाने बाजूला सारावं.

मग द्यायचं काय? बिनमिठाचं उकडलेलं अंडं, साधं दही, पनीरचे दोन-तीन चौकोन. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सहाशेच्या आसपास कॅलरी लागतात आणि वरखाऊ दहा टक्क्यांत बसवायचा, म्हणजे साठ. एका पोळीतच तो संपला.

आपल्याकडे कुत्र्याला घास देण्याची रीत जुनीच. होळकरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा आणि खंडोबाबरोबर त्याचा कुत्रा. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य होतो आणि कुत्र्याच्याही तोंडी घास जातो. चातुर्मासातली कांदा-वांग्याची बंदी त्या दिवशी उठते, ती माणसांची. भरितात पातीचा कांदा असतो. देवाच्या कुत्र्याला रोडगा द्यावा, भरीत आपण खावं.

आणि टपरी. तिथे पाटी नाही, मॅनेजर नाही, फरशीही नाही, मातीच आहे. पायाला गार, घसरायची भीती नाही, चारी बाजू उघड्या. कुत्र्याच्या उंचीवरून पाहिलं तर गावातली ही सगळ्यात उत्तम जागा. म्हणूनच ती आधीच घेतलेली असते. चांगल्या टपरीला एक तरी भुऱ्या किंवा काळू असतो, बाकाखाली, भट्टीच्या बाजूला, आणि येणारं गिऱ्हाईक त्याच्या परवानगीने बसतं. कानाचं टोक कापलेलं असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे आणि त्या वेळी रेबीजची लसही दिलेली असते, एवढं कळतं. त्याचा स्वभाव कळत नाही. त्याच्या अंगणात आपला कुत्रा सरळ नाकासमोर नेणं म्हणजे परक्याच्या घरात थेट माजघरात शिरणं. वीस-पंचवीस पावलांवर थांबावं. तो उठतो का, शेपूट ताठ आहे की सैल, बघावं. सैल असेल तर वळसा घेऊन, कडेने, दोरी ढिली ठेवून यावं. ताणलेल्या दोरीने आपल्या कुत्र्याची छाती वर उचलली जाते आणि समोरच्याला ती कुरापत वाटते. ताठ असेल तर चहा पार्सल. भुऱ्याला बिस्किट द्यायचा मोह होतो, तो बाकाजवळ आवरावा. एकाला दिलं की चौघे येतात, आणि मध्ये आपला सापडतो.

आपला कुत्रा थकलाय हे तो सांगतोच. झोप नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर. असं दोनदा झालं की चहा अर्धा टाकून उठावं. गोधडी झटकावी, बाकाखाली काही राहिलं का बघावं आणि ज्या वळशाने आलो त्याच वळशाने निघावं. पन्नास पावलांवरून मागे पाहिलं तर भुऱ्या उठलेला असतो. तो ती जागा चारी बाजूंनी हुंगतो, दोनदा गोल फिरतो आणि तिथेच पसरतो.